प्रयोगशाळेंतील गुरु व शिष्य : आचार्य विल्हेल्म वुंट

रसायनशास्त्रज्ञास आपले क्षार व आम्लें बाजारांतून आणतां येतात. वनस्पतिशास्त्रज्ञ रानांत जाऊन हवा तो पाला तोडून आणतो. पण ज्यास मनुष्याच्या मनाचाच अभ्यास करावयाचा आहे त्यानें प्रयोगासाठीं मन कोठून आणावें? मन हें बाटलींत भरून फडताळांत ठेवतां येत नाहीं. तें जिवंत मनुष्याबरोबरच खोलींत येतें व त्याच्याबरोबरच निघून जातें. यास्तव मानसशास्त्राच्या प्रत्येक अध्यापकापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, यंत्रासमोरील खुर्चीवर बसवावें कोणास? पुष्कळ विद्यापीठांतून या प्रश्नाचें उत्तर एकच मिळतें. जो सर्वांत जवळ आहे, ज्यास बोलावण्यास फारसा खर्च लागत नाहीं, आणि जो सहसा नाहीं म्हणत नाहीं, असा मनुष्य म्हणजे त्याच विषयाचा विद्यार्थी होय.

ही वहिवाट ज्या प्रयोगशाळेंत रूढ झाली तिच्या संस्थापकानें त्या खुर्चीवर प्रथम कोणास बसविलें, हें आमच्या विद्यार्थिवर्गास ठाऊक असणें आम्हांस अगत्याचें वाटतें. आमच्या शाळेंतून कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींपैकीं कित्येक पुढें मानसशास्त्र हा विषय घेतात, आणि त्यांस या खुर्चीचें बोलावणें केव्हां ना केव्हां येण्याचा संभव असतो. म्हणून जर्मनींतील लायप्झिग विद्यापीठाचे आचार्य विल्हेल्म वुंट यांचें चरित्र या अंकांत थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वुंट यांचा जन्म ता. १६ ऑगस्ट १८३२ रोजीं बाडेन संस्थानांत, मानहाइम शहराजवळील नेकाराउ या गांवीं झाला. त्यांचे वडील माक्सिमिलियन वुंट हे लूथरपंथी मंडळीचे पाळक होते. पुढें वडिलांची बदली हायडेल्सहाइम या लहान गांवीं झाली व विल्हेल्मचें बाळपण तेथेंच गेलें. थोरला भाऊ शिक्षणासाठीं दूर राहत असल्यामुळें घरांत त्यास सोबती असा नव्हता. वडिलांच्या हाताखालीं फ्रीडरिख म्यूलर नांवाचे एक तरुण उपपाळक होते. तेच या एकाकी मुलाचे शिक्षक झाले, आणि मुलाचा जीव त्यांच्यावर विलक्षण जडला. म्यूलर यांची बदली दुसऱ्या गांवीं झाली तेव्हां मुलानें इतका शोक केला कीं, अखेर त्यास त्यांच्याकडेच राहावयास पाठवावें लागलें. शिक्षकाच्या सहवासाची गोडी विल्हेल्मला अशी लहानपणींच कळली होती.

एवढा लळा लावणारा शिक्षक लाभूनही विल्हेल्म अभ्यासांत पुढें आला नाहीं. पुस्तक समोर उघडें ठेवून मनांतल्या मनांत स्वप्नें पाहण्याची त्यास खोड होती. ब्रुखझाल येथील विद्यालयांत पाठविल्यावर पहिल्याच वर्षीं त्यास अपयश आलें, आणि हा मुलगा मंदबुद्धि आहे असें शिक्षकांनीं ठरवून टाकिलें. पुढें हायडेलबर्ग येथील विद्यालयांत कांहींसा जम बसला. शाळेंत असतांनाच त्याचें पितृछत्र हरपलें. इ. स. १८५१ मध्यें शालेय शिक्षण संपलें तेव्हां त्याच्याकडून कोणी मोठी अपेक्षा करीत होतें असें नाहीं. आमच्या वर्गांतून मागल्या बांकावर बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलांनीं, आणि त्यांच्याविषयीं निर्णय देण्याची घाई करणाऱ्या आम्हां शिक्षकांनीं, या गोष्टीचें स्मरण ठेवावें हें बरें.

वुंट यांनीं वैद्यकीचा मार्ग धरला. पहिलें वर्ष ट्यूबिंगेन येथें मामा फ्रीडरिख आर्नोल्ड यांच्या हाताखालीं गेलें. पुढील वर्षीं ते हायडेलबर्ग येथें आले. या काळांत त्यांच्या वृत्तींत असा कांहीं पालट झाला कीं, तो स्वप्नाळू मुलगा रात्रंदिवस परिश्रम करणारा विद्यार्थी बनला. याच सुमारास त्यांनीं आपला पहिला शास्त्रीय प्रयोग केला, आणि तो ज्याच्यावर केला तो मनुष्य ते स्वतःच होते. आहारांतील मीठ कमी केलें असतां मूत्रांतील मिठाचें प्रमाण कसें बदलतें हें पाहावयाचें होतें. त्यासाठीं त्यांनीं कांहीं दिवस अळणी अन्न खाल्लें आणि स्वतःच्याच मूत्राची रासायनिक परीक्षा केली. इ. स. १८५३ मध्यें या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पुढें ज्यांच्या प्रयोगशाळेंत देशोदेशींचे विद्यार्थी प्रयोगासाठीं बसले, त्यांनीं प्रयोगास पहिला मनुष्य बसविला तो आपणांसच, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

त्यानंतर हायडेलबर्ग येथील रुग्णालयांत साहाय्यक म्हणून काम करीत असतां एक प्रसंग घडला. रात्रीं झोपेंतून उठून गेले असतां, अर्धवट झोपेच्या अमलांत त्यांनीं एका रुग्ण स्त्रीस शामक औषधाऐवजीं आयोडीन दिलें. सुदैवानें तिनें तें थुंकून टाकिलें व अनर्थ टळला. परंतु या चुकीचा तरुण वुंट यांच्या मनावर खोल परिणाम झाला, आणि म्हातारपणीं लिहिलेल्या आत्मचरित्रांत त्यांनीं ती लपवून ठेविली नाहीं. आपल्या हातांत दुसऱ्याचें शरीर किंवा मन असतां आपली जागरूकता किती अपुरी पडूं शकते, याचा धडा त्यांस या प्रसंगानें मिळाला असला पाहिजे.

इ. स. १८५६ मध्यें त्यांस वैद्यकीची सर्वोच्च पदवी मिळाली. बर्लिन येथें योहान्नेस म्यूलर व द्यु ब्वा-रेमों या नामांकित शास्त्रज्ञांजवळ कांहीं काळ शिकून ते परतले आणि इ. स. १८५७ पासून हायडेलबर्ग येथें शिकवूं लागले. त्यांच्या पहिल्या वर्गास अवघे चार विद्यार्थी होते. इतक्यांत रक्तस्राव होऊन ते मरणाच्या दारीं जाऊन आले, आणि स्वित्झर्लंडच्या डोंगराळ हवेंत राहून त्यांस प्रकृति सुधारावी लागली. इ. स. १८५८ मध्यें ते सुप्रसिद्ध हेल्महोल्ट्झ यांचे साहाय्यक झाले. पुढील कांहीं वर्षांत त्यांनीं घरीं एका घड्याळाच्या लंबकास अशी योजना जोडली कीं, लंबक ठराविक जागीं आला असतां घंटा वाजावी. घंटेचा नाद आणि लंबकाची जागा हीं दोन्हीं एकाच क्षणीं मनास कळतात काय, हें त्यांस पाहावयाचें होतें. तीं एकाच क्षणीं कळत नाहींत, मनास एकापासून दुसऱ्याकडे जावयास थोडा का होईना पण काळ लागतो, असें त्यांस आढळलें. येथेंही निरीक्षक ते स्वतःच होते.

इ. स. १८७२ मध्यें त्यांचा सोफी माउ यांच्याशीं विवाह झाला. शरीरशास्त्राच्या पायावर मानसशास्त्राची उभारणी करणारा त्यांचा मोठा ग्रंथ इ. स. १८७४ मध्यें पुरा झाला. त्याच वर्षीं झुरिच येथें आणि इ. स. १८७५ मध्यें लायप्झिग येथें ते तत्त्वज्ञानाचे आचार्य झाले. लायप्झिग विद्यापीठानें त्यांस एका जुन्या इमारतींत यंत्रें ठेवण्यापुरती एक खोली दिली. विद्यार्थ्यांच्या भोजनाची सोय असलेली ही इमारत होती. याच खोलींत इ. स. १८७९ च्या हिवाळी सत्रांत विद्यार्थ्यांचें स्वतंत्र संशोधन सुरू झालें, आणि तेंच वर्ष प्रायोगिक मानसशास्त्राचें जन्मवर्ष म्हणून मानिलें जातें.

या खोलींतील पहिल्या संशोधनाची हकीकत पाहण्यासारखी आहे. माक्स फ्रीडरिख नांवाच्या विद्यार्थ्यास आचार्यांनीं पदवीसाठीं विषय दिला तो असा : डोळ्यांसमोर एखादा रंग किंवा संख्या अकस्मात् आली असतां ती ओळखण्यास मनास किती काळ लागतो? संख्या कधीं एकअंकी तर कधीं सहाअंकी असे. ओळख पटतांच निरीक्षकानें हाताखालील कळ सोडावयाची, आणि हिप यांच्या कालमापक यंत्रावर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतचा काळ वाचावयाचा. निरीक्षकाच्या खुर्चीवर कोण बसले? एक फ्रीडरिख स्वतः. दुसरे त्यांचे सहाध्यायी टिशर. तिसरे अमेरिकेंतून पदवी घेऊन आलेले स्टॅन्ली हॉल, जे पुढें अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संघाचे पहिले अध्यक्ष झाले. आणि चौथे खुद्द आचार्य वुंट. ज्या शिष्याचा प्रबंध आपण तपासणार, त्याच्याच यंत्रासमोर गुरुजी मुकाट्यानें कळ दाबून बसत, आणि शिष्य त्यांचे काळ वहींत टिपून घेई.

पुढें विद्यार्थी वाढले तेव्हां याच रीतीस व्यवस्थित रूप आलें. प्रत्येक सत्राच्या आरंभीं आचार्य सर्वांस एकत्र बोलावीत, संशोधनाचे विषय सांगत व लहान लहान गट पाडून देत. प्रत्येक गटास एक प्रमुख असे. तो प्रयोग चालवी व त्याचा वृत्तांत लिही, आणि इतर जण निरीक्षक म्हणून बसत. नव्या विद्यार्थ्यानें आधीं निरीक्षक म्हणून बसून काम शिकावें, मग स्वतः विषय हातीं घ्यावा. जो आज खुर्चीवर तो उद्यां यंत्रामागें, आणि जो आज यंत्रामागें तो उद्यां खुर्चीवर, असा हा फेरा होता. अमेरिकन विद्यार्थी जेम्स कॅटेल व त्यांचे मित्र बर्गर या दोघांनीं तर एकमेकांवर आळीपाळीनें प्रयोग केले. इ. स. १८८१ मध्यें आचार्यांनीं स्वतःचें नियतकालिक काढिलें. त्यांतील लेखांत खुर्चीवर बसणाऱ्यांचा नांवानें किंवा नांवाच्या आद्याक्षरानें उल्लेख होत असे.

ही समता आचार्यांनीं केवळ दयाबुद्धीनें पाळिली, असें आम्ही म्हणत नाहीं. तिच्या मुळाशीं त्यांची शास्त्रपद्धति होती. निरीक्षकास प्रयोगाचा आरंभ केव्हां होणार हें ठाऊक असावें, त्याचें अवधान तीव्र असावें, आणि तेंच निरीक्षण पुन्हां पुन्हां करून पाहतां यावें, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून खुर्चीवर बसण्याचें काम त्यांच्या दृष्टीनें हलकें नव्हतेंच. तें अधिक कठीण होतें. कॅटेल यांनीं जेव्हां या विषयाची माहिती नसलेल्या लोकांवर प्रयोग करण्याचें मनांत आणिलें, तेव्हां आचार्यांनीं अशा लोकांस प्रयोगशाळेंत येऊं दिलें नाहीं. जो स्वतः मानसशास्त्रज्ञ नाहीं त्याचा येथें उपयोग नाहीं, असें त्यांचें मत पडलें. कॅटेल यांस तें काम आपल्या बिऱ्हाडीं करावें लागलें.

या पद्धतीचे दोषही सांगितले पाहिजेत. ही समता मूठभर सुशिक्षित पुरुषांपुरती होती. लायप्झिग ज्या साक्सनी राज्यांत आहे तेथें स्त्रियांस विद्यापीठांत रीतसर प्रवेशच इ. स. १९०६ मध्यें मिळाला. शिवाय विषय देणारे, गट पाडणारे आणि शेवटीं पदवीची शिफारस करणारे आचार्य एकच; त्यांस नाहीं म्हणण्याचें धैर्य किती विद्यार्थ्यांस झालें असतें? आणि दहापांच विद्वानांनीं आपल्या मनांत पाहिलेलें तें सर्व मनुष्यजातीचें मन, असें कसें मानावें? ही शेवटची शंका आचार्यांसही चुकली नव्हती. भाषा, पुराणकथा व रूढि यांत प्रकट होणारें मन प्रयोगशाळेंत सांपडत नाहीं, असें त्यांचें मत होतें, आणि त्या अभ्यासासाठीं त्यांनीं इ. स. १९०० पासून १९२० पर्यंत दहा खंडांचा ग्रंथ लिहिला.

आचार्यांची कीर्ति दूरवर पसरली. इ. स. १८८९ मध्यें ते विद्यापीठाचे प्रमुख निवडले गेले. जर्मनीचे क्युल्पे व क्रेपेलिन, इंग्लंडचे टिचनर व स्पिअरमन, रशियाचे बेख्तेरेव असे अनेक देशांचे विद्वान् त्यांच्याजवळ शिकून गेले. हिंदुस्थानाशींही या परंपरेचा धागा जुळतो. त्यांचे शिष्य म्यून्स्टरबर्ग हे अमेरिकेंत हार्वर्ड येथें शिकवीत असत. त्यांच्याजवळ शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनीं कलकत्ता विद्यापीठांत इ. स. १९१६ मध्यें प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग चालविण्यास आरंभ केला.

उतारवयांत आचार्यांची दृष्टि फारच अधू झाली. वाचनांत व लेखनांत कन्या एलेओनोर ही त्यांस साहाय्य करी. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं, इ. स. १९१४ मध्यें, जर्मनीच्या युद्धांतील वर्तनाचें समर्थन करणारें जें पत्रक ९३ जर्मन विद्वानांनीं काढिलें त्यावर त्यांचीही सही होती. दुसऱ्यांस मनाचें काटेकोर निरीक्षण शिकविणारा हा पुरुष राष्ट्राभिमानाच्या लाटेंत स्वतःच्या मनाचें निरीक्षण विसरला, याचा खेद वाटतो. इ. स. १९१७ मध्यें ते अध्यापनांतून निवृत्त झाले, आणि ता. ३१ ऑगस्ट १९२० रोजीं लायप्झिगजवळील ग्रोसबोथेन या गांवीं, वयाच्या ८८ व्या वर्षीं निवर्तले. त्यांचा मोठा ग्रंथसंग्रह जपानांतील सेंदाइ येथील विद्यापीठानें विकत घेतला. लायप्झिग येथील त्यांची संस्था डिसेंबर १९४३ मधील बाँबहल्ल्यांत नष्ट झाली.

इमारत गेली, पण खुर्ची राहिली. आणि तिचें स्वरूप मात्र पालटलें. हा पालट आचार्यांच्या हयातींतच सुरू झाला होता. कॅटेल अमेरिकेस परतल्यावर न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत इ. स. १८९४ पासून नव्यानें दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मानसिक व शारीरिक शक्तींची मापें घेऊं लागले. आतां विद्यार्थी एकामागून एक येत, मापें देत व निघून जात. खुर्ची व यंत्र यांची अदलाबदल राहिली नाहीं. पुढें अमेरिकेंत मानसशास्त्राचे वर्ग शेंकडों विद्यार्थ्यांनीं भरले, तेव्हां प्रयोगास बसणें ही कित्येक ठिकाणीं अभ्यासक्रमाचीच एक अट झाली. इ. स. १९४६ मध्यें मॅक्निमर या शास्त्रज्ञानें टीका केली कीं, मनुष्याच्या वर्तनाचें म्हणून जें शास्त्र सांगितलें जातें तें बव्हंशीं कॉलेजांतील दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या वर्तनाचें शास्त्र आहे. पुढें इ. स. २०१० मध्यें कॅनडांतील तीन संशोधकांनीं याच दोषाकडे पुन्हां लक्ष वेधिलें. व्यक्तिमत्त्व व सामाजिक मानसशास्त्र या विषयाच्या एका अग्रगण्य नियतकालिकांतील इ. स. २००७ च्या लेखांत, अमेरिकेंतील नमुन्यांपैकीं शेंकडा ६७ व इतर देशांतील नमुन्यांपैकीं शेंकडा ८० नमुने केवळ मानसशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचेच होते, असें त्यांनीं नमूद केलें. हा दोष शास्त्राचा झाला. न्यायाचा प्रश्न निराळा आहे, आणि त्याविषयींही नियम झाले आहेत. विद्यार्थ्यास प्रयोगाचें स्वरूप आधीं समजावून सांगावें, त्याची संमति घ्यावी, मध्येंच उठून जाण्याची त्यास मोकळीक असावी, आणि गुणांसाठीं प्रयोगाची अट असेल तर तितक्याच तोलाचें दुसरें काम निवडण्याची मुभा त्यास असावी, असें अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संघाचे आचारनियम सांगतात.

नियम उत्तमच आहेत. पण नियम जेथें पोंचत नाहीं तेथें शिक्षकाचें मन पोंचलें पाहिजे. आम्ही शिक्षक रोज सकाळीं हजेरीपट उघडून मुलांस क्रमांकानें हांक मारितों. सोयीसाठीं तें करावें लागतें. परंतु क्रमांकाची संवय एकदां जडली म्हणजे त्यामागचें मूल दिसेनासें होतें, आणि मग त्याच्याकडून काय काय करून घेतां येईल एवढाच विचार उरतो. ज्या शिष्यावर आपली सत्ता चालते त्याचें काम स्वतः करणें गुरूस कमीपणाचें नाहीं, हें प्रभूनें शिष्यांचे पाय धुवून सर्व जगास दाखविलें आहे. पाळकाच्या घरीं वाढलेल्या वुंट यांनीं ही गोष्ट बाळपणीं ऐकली असलीच पाहिजे. तिचा त्यांच्या प्रयोगशाळेशीं कांहीं संबंध होता असें आमचें म्हणणें नाहीं. तथापि शिष्याच्या यंत्रासमोर बसलेल्या त्या आचार्यांचें चित्र मनांत आलें कीं आम्हांस ती आठवते.

विद्यार्थिमित्रहो, पुढें कॉलेजांत तुम्हांस कोणी प्रयोगास बोलाविलें तर भिऊं नका. समजून घ्या, पटल्यास बसा, आणि बसाल तेव्हां प्रामाणिकपणें उत्तर द्या; कारण तुमच्या एका खोट्या उत्तरानें शास्त्र तितकें खोटें होतें. न पटल्यास नम्रपणें नाहीं म्हणा. आणि तुमच्यापैकीं जे उद्यां स्वतः शिक्षक किंवा संशोधक होतील त्यांनीं दुसऱ्यास बोलावण्यापूर्वीं त्या खुर्चीवर एकदां तरी स्वतः बसून पाहावें.